रोलच्या डबीतली गोळी

करामा, दुबई
१२ नोव्हेंबर २००१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीच्या आशीर्वादाचं पत्र यंदा दिवाळीआधी पोचलं, हा आपल्या दोन्ही देशांच्या पोस्टाचा विक्रम आहे. आम्ही तिघं मजेत आहोत, असं मी दर पत्रात लिहितो. तसं आजही लिहून टाकतो आणि मग खरं काय ते सांगतो.

मालकाने मार्बलची फॅक्टरी विकली. डिसेंबरअखेर आम्हा सगळ्यांना खलास. माझा व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात निघायचं, आणि माझ्याबरोबर विभाने आणि मिहिकानेही. मिहिकाची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. वर्ष संपत असताना तिला उचलून कुठल्या शाळेत नेऊन बसवू?

सत्तेचाळीस वर्षांचा डिस्पॅच सुपरवायझर कुणालाच नको आहे. पण यार्डातल्या गाड्या हलवता याव्यात म्हणून कंपनीने कधीकाळी मला अवजड वाहनाचं लायसन्स काढायला लावलं होतं, ते आता उपयोगी पडतंय. आमचे स्लॅब वाहणारा हारुन म्हणून पेशावरचा ड्रायव्हर आहे, त्याने हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत माझं नाव घातलं. ट्रेलर चालवायचा. अठराशे दिरहॅम, म्हणजे आपले तेवीस हजार. व्हिसा ते देणार. अप्पांना कळलं असतं तर काय म्हणाले असते, ते तू लिहू नकोस. मला माहीत आहे.

एकच अडचण. ईदनंतर मेडिकल आहे आणि ड्रायव्हरांची लघवीही तपासतात, नशापाण्यासाठी. त्यात काही निघालं तर नोकरी राहिली बाजूला, माणूस आधी तुरुंगात आणि मग विमानात. सुपारीनेही गरगरणारा मी, ऐकून हसलो. पण अर्जात चालू औषधं लिहायची आहेत. मी पोटाच्या काळ्या गोळीचं सांगितलं. हारुनने नाव विचारलं. मी म्हटलं नाव नाही, डबी आहे. कॅमेऱ्याचा रोल येतो त्या डबीतून बहीण पाठवते, हे ऐकल्यावर तो म्हणाला, आधी तीत काय आहे ते विचार.

तर दाजी वैद्यांच्या घरी जाऊन गोळीत काय असतं ते विचार आणि कळव. पत्रानेच, फोनवर नको. आणि माझी डबी संपत आली आहे. इथल्या सुजीतची बायको शुभ्रा माहेरपणाला बेळगावात आली आहे, ती महिनाअखेर परत निघेल. तिच्याबरोबर नेहमीसारखी नवी दे.

विभाचा नमस्कार. लोभ आहेच, तो असाच पाठीशी असू दे.
तुझा,
शैलेंद्र

❖

बेळगाव
२६ नोव्हेंबर २००१

चि. शैलूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले आणि मग हसू आलं. तुला आठवतं का, अप्पा पहाटे चॅपलमागच्या नळावर कॉन्व्हेंटची बस धूत आणि तू इंजिनाच्या झाकणावर गोणपाट टाकून बसायचास. त्याला सिंहासन म्हणायचास. आम्ही मुली मागे ओळीने, हातावर हात ठेवून, कारण सिस्टर बेनेडिक्टा चढतानाच नखं बघायच्या. ड्रायव्हरची मुलगी म्हणून त्यांनी मला फी न घेता शिकवलं, पण अप्पांनी मात्र तुला स्टिअरिंगला हात लावला म्हणून एकदा काय मारलं होतं. माझा मुलगा खुर्चीत बसेल, म्हणायचे. ट्रेलरमध्येही खुर्चीच असते म्हणा. तेवढं मी त्यांच्या फोटोला सांगितलं आहे.

गोळीची काळजी करू नकोस. दाजींची गोळी म्हणजे सुंठ आणि जायफळ, दुसरं काय असणार. तू तिकडे गेलास आणि तिथलं पाणी तुझ्या पोटाला मानवेना, तेव्हापासून तू घेतोस. आमचे हे गेल्यावर झोप येईना, गुडघे धरायचे, तेव्हापासून मीही रात्री एक घेते. कुणाचं काही बिघडलेलं नाही. शुभ्राकडे चिवड्याचा डबा दिला आहे, डबी त्यात मधोमध पुरली आहे. दुपारी कुंदाकडे जाऊन येते आणि मग पत्र पुरं करते.

संध्याकाळ. शैलू, नीट बसून वाच.

कुंदा माझ्या वर्गातली, दाजींची सून, हे तुला माहीत आहे. दाजींमागे तिचा नवरा गोळ्या करतो. मी विचारल्यावर तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग म्हणाली, सुजे, इतकी वर्षं घेते आहेस आणि तुला ठाऊक नाही? खारकेत जायफळ आणि अफू भरायची, वर कणीक लिंपायची आणि निखाऱ्यावर भाजायची. मग खलात घोटून गोळ्या. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, एवढंच. मी पायरीवरच बसले. कुंदाने पाणी दिलं आणि म्हणाली, अगं औषधच आहे ते.

तिथून तशीच शुभ्राच्या माहेरी गेले. चिवड्यात मीठ घालायचं राहिलं, डबा परत द्या, असं सांगितलं. शुभ्राच्या आईने दोन घास खाऊन बघितले आणि मीठ अगदी बेताचं आहे म्हणून मला निरोप द्यायला लागली. शेवटी अक्षरशः हिसकावून आणला. ती पोर उद्या ती डबी घेऊन तुमच्या विमानतळावर उतरली असती. 

तुझ्याकडे उरलेल्या आजच टाकून दे. एकही घेऊ नकोस.

विभाला आशीर्वाद, मिहिकाला पापा. माझ्यावर राग धर, पण माया सोडू नकोस.
तुझी,
ताई

❖

करामा, दुबई
९ डिसेंबर २००१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गोळ्या त्याच दिवशी संडासात टाकल्या आणि पाणी सोडलं. तू स्वतःला बोल लावू नकोस. तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि दाजींचा हेतू चांगलाच होता.

रमजान संपत आलाय, सगळी ऑफिसं पेंगतात. कंपनीचा मालक ईदला मक्केला जाणार आहे, त्यामुळे मेडिकल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यावर गेलं. हे बरंच झालं. हारुनला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, हबीबी, या परीक्षेला पाठांतर लागत नाही, फक्त खरोखर सोडावं लागतं. विभाला एवढंच सांगितलंय की पोटाचं औषध बदललं.

मला थोडी सर्दी आहे, बाकी काही नाही. मिहिकाचा अभ्यास जोरात आहे. तिला ट्रेलरचं सांगितलं, तर तिने इंग्रजीत विचारलं की शाळेत सोडायला तोच आणणार का.

मो. न. ल. आ. तुझी माया असू दे, आम्हाला ती आत्ता जास्त लागणार आहे.
तुझा,
शैलेंद्र

❖

करामा, दुबई
१३ डिसेंबर २००१

ती. ताईस,
शि. सा. न.

घाईत लिहितो आहे. सुजीत आठ-दहा दिवसांसाठी बेळगावला येतोय, महिनाअखेर परतेल. तू परत आणलेल्या डबीतल्या फक्त पाच-सहा गोळ्या त्याच्याबरोबर दे. बडीशेपेच्या पुडीत मिसळून दे, बडीशेप घरोघरी आणतात, कुणी बघत नाही. मी नीट विचार केला आहे. एकदम सोडणं शरीराला बरं नसतं, हळूहळू कमी करायचं असतं. हवी आहे ती फक्त झोपेपुरती. मेडिकलच्या आधी पुरेसे दिवस मिळतात. मी सुशिक्षित माणूस आहे, मला माझं कळतं.

सुजीतला काही सांगू नकोस. विभालाही.

आजवर तू मला कधी नाही म्हटलेलं नाहीस.
शैलू

❖

करामा, दुबई
१४ डिसेंबर २००१

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

एरवी मी तुम्हाला पत्र लिहीत नाही, ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी जोडते. आज वेगळं लिहिते आहे आणि ह्यांना माहीत नाही.

ह्यांनी गोळ्या टाकल्याचं तुम्हाला लिहिलं असेल. टाकल्या नव्हत्या. रुमालात बांधून देवघरामागे ठेवल्या होत्या. परवा देवघर पुसताना माझ्या हाताला लागल्या. विचारल्यावर सगळं बोलले, आणि मी त्यांच्या देखत त्या वाहत्या पाण्यात सोडल्या. खरी सर्दी त्या दिवसापासून लागली आहे. नाक वाहतं, अंगावर काटा येतो, पाय झाडत बसतात. पोट तर विचारूच नका. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं, तर म्हणाले, डॉक्टरला काय सांगू आणि त्याने कुणाला सांगितलं तर? खरंच, कुणाला सांगायचं? इथे आजारी पडायचीही चोरी झाली आहे.

मिहिका काल स्वयंपाकघरात आली आणि इंग्रजीत विचारलं, बाबा ड्रग्ज घेतात का. मी नाही म्हटलं. मग आत्याकडून येणाऱ्या डबीत काय असतं, हे तिने मराठीत विचारलं नाही, पण ते नंतर तिच्या डोळ्यांत होतं.

वन्सं, ते तुम्हाला गोळ्या मागणारं पत्र लिहितील. बहुतेक लिहिलं असेल. तुम्ही त्यांना आईच्या जागी आहात आणि तुम्हाला नाही म्हणणं जमत नाही, हे मी लग्न झाल्यापासून बघते आहे. ह्या वेळी म्हणा. अर्धीसुद्धा नको.

उद्धटपणा वाटला तर लहान समजून पोटात घाला. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची,
विभावरी

❖

बेळगाव
२४ डिसेंबर २००१

चि. शैलूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुजीत येऊन गेला, त्याच्याकडे बडीशेप दिली आहे. पुडीत बडीशेपच आहे. उलटसुलट करून पाहू नकोस. पाहशील, हे मला माहीत आहे.

आता माझं ऐक. तुला लिहिलं त्या रात्रीपासून मीही गोळी घेतली नाही. भाऊ सोडतो आहे तर मी कशाला, असं वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. तिसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, एकीतून दुसरी. मग नाक, मग पोट. पाय असे ओढायला लागले की पलंगावर ठेवता येईनात. वाटलं फ्लू असेल. कुंदा भाताची पेज घेऊन आली, माझ्याकडे बघत बसली आणि हळूच म्हणाली, सुजे, हा फ्लू नव्हे. शैलू, आयुष्यभर मुलींना पाठ सरळ ठेवून बसायला शिकवणारी मी. मला त्या क्षणी सिस्टरांच्या पांढऱ्या कपड्यांची आठवण झाली आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून तुझं पत्र मला परकं वाटलं नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य मीही स्वतःला सांगून झाले होते. हळूहळू कमी करायचं, झोपेपुरती, सुशिक्षित आहे. अगदी त्याच क्रमाने.

आंबोलीची सहल आठवते? तुला इंजिनावर बसवून नेलं होतं. उतारावर बाकीच्या गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडून आवाज न करता पुढे जात होत्या. अप्पांनी बस खालच्या गिअरमध्ये ठेवली. ती इतकी ओरडत होती की मुलींनी कान झाकले आणि सिस्टर माळ ओढायला लागल्या. अप्पांनी मागे न बघता सांगितलं, गाडी ओरडते आहे तोवर ती आपल्या हातात आहे. ओरडू दे, शैलू. तुझी आणि माझीही.

खालच्या फर्नांडिसांनी केक दिला आहे. आज रात्री चॅपलची घंटा ऐकत तुमच्यासाठी मागणं मागेन. दोन्ही देवांकडे.

विभाला विशेष आशीर्वाद सांग. कशाबद्दल ते तिला कळेल. मी नाही म्हटलं म्हणून माया आटू देऊ नकोस.
तुझी,
ताई

❖

करामा, दुबई
१४ जानेवारी २००२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ घे. पुडी उलटसुलट करून पाहिली. बडीशेपच होती. सगळी विभाच्या देखत एका दमात चावून खाल्ली आणि मग हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मेडिकल झालं. दारात एक माणूस उभा, आत मी आणि एक प्लॅस्टिकची बाटली. इतक्या वर्षांत भीतीने काही अडकलं नव्हतं, त्या दिवशी तेही झालं. तो माणूस बाहेरून यल्ला यल्ला, लवकर लवकर करतोय आणि मी नळाकडे बघत उभा. मग निकालाची वाट. मिहिका गणितं सोडवत बसायची आणि मी दाराची बेल ऐकत. बेल वाजली की विभा उघडायची, मी नाही. कंपनीचा वासुदेव म्हणून केरळी क्लार्क आहे, त्याने शेवटी फोन केला. म्हणाला, रिपोर्ट साफ आहे, उद्या पासपोर्ट घेऊन या.

मला वाटलं होतं मी नाचेन. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. सही करताना वाचलं, ही तपासणी दर सहा महिन्यांनी, शिवाय केव्हाही, न सांगता. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात गेला. दोन वर्षं रजा नाही. पोट मूळचं होतं तसं झालं आहे, त्यामुळे हमरिया ते जेबेल अली या रस्त्यावरचा प्रत्येक पेट्रोल पंप मला आत्ताच शेजाऱ्यासारखा ओळखू लागला आहे. हारुन म्हणतो, मी ट्रेलर नाही, संडासाचं टाइमटेबल चालवतो.

पण मिहिका मार्चमध्ये इथेच परीक्षा देईल. ती मैत्रिणींना सांगते की बाबा लॉजिस्टिक्समध्ये आहेत. ऐकून आधी लागलं. मग वाटलं, अप्पाही तुझ्या मैत्रिणींसमोर तुला कधी हाक मारत नसत.

मो. न. ल. आ. तुझ्या नाही म्हणण्यातही माया होती, ती ओळखायला उशीर झाला. ती असू दे.
तुझा,
शैलेंद्र

❖

बेळगाव
३० जानेवारी २००२

चि. शैलूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र अप्पांच्या फोटोपुढे ठेवलं आणि साखर ठेवली. विभालाही तिच्या वाट्याची साखर दे.

आता माझी एक गोष्ट, थोडक्यात. चिवड्यातून काढलेली ती डबी अजून माझ्या कपाटात होती. भरलेली. टाकायला म्हणून किती वेळा निघाले. एकदा कोपऱ्यावरच्या गटारापर्यंत पोचले, तिथे फर्नांडिसबाई भेटल्या, गुडघ्यांची चौकशी केली, आणि मी डबी पर्समध्ये तशीच घेऊन भाजी आणायला गेले. तुझ्या लघवीला निदान कुणी विचारतं. एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका, मला कोण बाटली देणार? घेतली नाही. पण टाकवतही नाही. असं मधे लटकलेलं बरं नव्हे.

म्हणून ती अप्पांच्या बसच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, पान्यांच्या खाली, आणि पितळी कुलूप लावलं. कुंदा समोर होती; तिच्या घरून मला आता एकही गोळी मिळायची नाही. ती म्हणाली, कुलूप काय, हातोड्याने फुटतं. मग तिच्याच लक्षात आलं की हातोडा पेटीतच आहे. दोघी शाळेतल्यासारख्या हसलो.

किल्ली कापडात शिवून या पत्राबरोबर रजिस्टरने पाठवते आहे. ती तुझ्याकडे राहू दे. रजा मिळाली की ये, दोघं मिळून पेटी उघडू.

मिहिकाला सांग, आत्या रोज तिच्यासाठी दिवा लावते. जपून चालव. आशीर्वाद आहेतच, विसर पडू देऊ नकोस.
तुझी,
ताई

❖

बेळगाव
२५ फेब्रुवारी २००२

चि. शैलूस,
आशीर्वाद.

किल्ली पोचली असेल. एक लहानसं काम निघालं आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो आणि रात्रभर टपटप ऐकू येते. अप्पांचा मोठा पाना लागेल, तो पेटीत आहे. किल्ली उलट टपालाने पाठव, नळ झाला की लगेच परत पाठवीन. बाकी कशाला हात लावायचा नाही, हे का मला सांगायला हवं. मी नीट विचार केला आहे. फक्त पान्यापुरती हवी.

कुंदाला कळवू नकोस, ती उगीच काळजी करते.
ताई

❖

करामा, दुबई
१० मार्च २००२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मिहिकाचे पहिले दोन पेपर चांगले गेले. सकाळी तिने मला शाळेपर्यंत चालत बरोबर घेतलं, फाटकाच्या आतपर्यंत. मी कंपनीच्या शर्टात होतो.

किल्ली ट्रेलरच्या किल्लीच्या कड्यात आहे. हारुनने विचारलं, ही कुठल्या गाडीची. मी म्हटलं, बहिणीच्या. गाडी वळली की दोन्ही एकमेकींवर वाजतात, आणि अचानक तपासणीला बोलावलं की मी ती मुठीत धरून बसतो. तेव्हा ती मला सोडता येणार नाही.

शारजाच्या औद्योगिक वस्तीत हत्यारांच्या दुकानांची अख्खी गल्ली आहे. तिथून तुझ्या नळासाठी नवा पाना घेतला. शुभ्राचा भाऊ येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो आहे. पुडीत पानाच आहे. उलटसुलट करून पाहू नकोस. पाहशील, हे मला माहीत आहे.

आणि ताई, नळ रात्रभर ओरडत असेल तर ओरडू दे. तोवर तो हातात आहे.

विभाचा आणि मिहिकाचा नमस्कार. मी प्रथमच तुला नाही म्हणतो आहे. तरी लोभ असावा.
तुझा,
शैलू